फाटकाबाहेरचा कार्बन
(प्रस्तावना)

तालुक्याच्या एखाद्या कॉलेजचे वर्षाचे कार्बन उत्सर्जन काढायला बसले की पहिला आकडा विजेच्या बिलातून मिळतो आणि सगळ्यांचे लक्ष तिथेच अडकून राहते. समजा, खेड तालुक्यातल्या राजगुरुनगर परिसरातल्या एका मध्यम आकाराच्या कॉलेजला वर्षाला ६० हजार युनिट वीज लागते. आपल्या देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे झाले ४२ टन. आता त्याच कॉलेजात वाडा, चास, कडूस, पाईट, दावडी, शेलपिंपळगाव इथून दुचाकीवर येणारी मुले-मुली धरा. वीस किलोमीटर येणे, वीस किलोमीटर जाणे, लिटरला पन्नासचे ॲव्हरेज, म्हणजे रोजचे ८०० मिलिलिटर पेट्रोल. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वर्षाला २०० दिवस कॉलेज आणि अशा ५०० गाड्या धरल्या तर बेरीज १८४ टनांवर जाते. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येक कॉलेजचे वेगळे निघतील. पण गाड्या निम्म्या धरल्या तरी रस्त्याचा वाटा विजेच्या दुपटीहून जास्तच भरतो.

या संग्रहातले सगळेच लेख या बेरजेभोवती फिरत नाहीत, तरी ती मनात ठेवून ते वाचावेत अशी माझी विनंती आहे. विद्यापीठे कार्बन-तटस्थ कशी होतील यावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन मोठ्या, श्रीमंत, निवासी विद्यापीठांना समोर ठेवून झाले. थंडीत वसतिगृहे तापवणे, प्रयोगशाळांचे वातानुकूलन, प्राध्यापकांचे विमानप्रवास हे तिथले मोठे प्रश्न. महाराष्ट्रातले बहुसंख्य विद्यार्थी मात्र संलग्न महाविद्यालयांत शिकतात. तीन मजली इमारत, पुढे मैदान, मागे पार्किंगची शेड, जमले तर एखादे वसतिगृह, कॅन्टीनमध्ये चहा आणि वडापाव. या मुलांच्या आणि त्यांच्या शिक्षकांच्या हाती पडेल असे मराठी पुस्तक हवे होते. ते आता येते आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

नव्या वाचकासाठी आधी हिशेबाची रीत सांगतो. आज सगळीकडे चालणारी पद्धत २००१ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगांच्या एका जागतिक मंडळाने मिळून घालून दिली. तिच्यात उत्सर्जनाच्या तीन कक्षा मानतात. आपण स्वतः जे जाळतो ते पहिल्या कक्षेत: जनरेटरचे डिझेल, संस्थेच्या बसचे इंधन, कॅन्टीनचा गॅस. १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर संपला की सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइड जमा होतो. विकत घेतलेली वीज दुसऱ्या कक्षेत. बाकीचे सगळे तिसऱ्या कक्षेत: विद्यार्थ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास, बांधकामाचे सिमेंट आणि सळई, कागद, संगणक, कचरा. पहिल्या दोन कक्षांची बिले संस्थेच्या कपाटात असतात, त्यामुळे हिशेब तिथे सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. तिसऱ्या कक्षेसाठी माणसांना विचारावे लागते. वर्षभराचे उत्सर्जन शक्य तेवढे कमी करून उरलेले शोषून घेण्याची किंवा दुसरीकडे भरून काढण्याची सोय केली, की संस्था कार्बन-तटस्थ झाली असे म्हणतात. व्याख्या एवढी सोपी असली तरी ‘शक्य तेवढे’ म्हणजे किती आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे, यावरच सारे मतभेद आहेत.

या विचाराचा उगम १९७२ च्या स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेपर्यंत मागे नेता येतो. विद्यापीठांनी स्वतःकडे बोट वळवले ते १९९० मध्ये. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष जाँ मेयर यांनी फ्रान्समधल्या तालोआर या गावी २२ विद्यापीठप्रमुखांना बोलावले आणि तिथे एक जाहीरनामा निघाला. पर्यावरणाविषयी शिकवणाऱ्या संस्थांनी आपला कारभारही तसाच चालवावा, असे विद्यापीठांच्या प्रमुखांनी पहिल्यांदा एकत्र येऊन मान्य केले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांच्या अध्यक्षांनी हवामानविषयक प्रतिज्ञेवर सह्या करायला सुरुवात केली. त्याच वर्षी मेन राज्यातल्या कॉलेज ऑफ द अटलांटिक या छोट्या कॉलेजने आपण कार्बन-तटस्थ झाल्याचे जाहीर केले. उरलेल्या उत्सर्जनासाठी त्यांनी बाहेरच्या प्रकल्पांकडून कार्बन-श्रेय (क्रेडिट) विकत घेतले होते. जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या लॉयफाना विद्यापीठाने पुढच्या दशकात ही मजल गाठली. २०१० पासून इंडोनेशिया विद्यापीठ जगभरच्या कॅम्पसांची हरित क्रमवारी लावते आणि भारतातल्या संस्थाही तिच्यात उतरतात.

या चळवळीत एक प्रवाह हिशेबाचा आणि प्रमाणपत्रांचा, दुसरा यंत्रांचा: सौर पॅनेल, कमी विजेचे दिवे, बॅटऱ्या. तिसरा विद्यार्थ्यांच्या आंदोलनातून आला. विद्यापीठांनी आपल्या ठेवी कोळसा आणि तेलाच्या कंपन्यांतून काढून घ्याव्यात, ही त्यांची मागणी. मेनमधल्याच युनिटी कॉलेजने २०१२ मध्ये ती मान्य केली आणि हार्वर्डला त्यासाठी २०२१ उजाडावे लागले. आपल्या कॉलेजांकडे अशा ठेवी नाहीत, म्हणून त्यावर इथे अधिक लिहीत नाही. मला सर्वांत जवळचा वाटतो तो चौथा प्रवाह. ओबर्लिन कॉलेजचे डेव्हिड ऑर यांनी तो नेटाने मांडला. इमारत स्वतःच काही शिकवत असते, हे त्यांचे म्हणणे. दिवसाउजेडी दिवे लावून बसवणारा वर्ग मुलांना विजेबद्दल एक धडा देतो आणि तो पर्यावरणाच्या पेपरातल्या धड्याच्या नेमका उलट असतो. २००० मध्ये ओबर्लिनला त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली इमारत सूर्यावर चालते, आपले सांडपाणी वनस्पतींच्या मदतीने आवारातच शुद्ध करते आणि विद्यार्थी तिच्या नोंदींवर अभ्यास करतात.

हा विचार परदेशातून आला असे समजायचे कारण नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा शाळेने आपले अन्न, वस्त्र, सफाई शक्यतो स्वतः उभे करावे ही कल्पना तिच्या मुळाशी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये मुले वसतिगृहाची शेती कसत, बांधकामाला हात लावत. शांतिनिकेतनात १९२८ पासून वृक्षारोपणाचा उत्सव होतो. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचे आवार लॉरी बेकर यांनी सत्तरच्या दशकात स्थानिक विटांतून उभे केले. विटांच्या जाळीदार भिंतींमधून वारा खेळतो आणि यंत्राने गारवा आणण्याची गरज बरीच कमी होते. कार्बन हा शब्द यांतल्या कोणाच्या बोलण्यात नव्हता. कमी साधनांत चांगले शिक्षण देण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यात उत्सर्जन आपोआप कमी राहिले.

आपल्या दारातले उदाहरण पाबळचे. राजगुरुनगरहून शिरूरच्या दिशेने निघाले की वाटेत हे गाव लागते. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची मोठी नोकरी केलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या कोरडवाहू, पाण्यासाठी तरसणाऱ्या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या, नापास ठरलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवायचे, असा त्यांचा आग्रह. वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य अशा चार विभागांत मुले फिरतात आणि गावाला लागणाऱ्या सेवा देत देत शिकतात. तिथले घुमटाकार बांधकाम ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखले जाते. कमी सामान लागते, छताला आधाराचे खांब लागत नाहीत आणि आश्रमात शिकलेली पोरे ते बांधतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकाराने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, इथे आली, तेव्हा भारतात दुसरी नव्हती. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. आज कॅम्पसला जिवंत प्रयोगशाळा करण्याची भाषा परिषदांमध्ये नव्याने बोलली जाते. खेड तालुक्यातल्या प्राध्यापकाने त्यासाठी एक दिवस काढून आपला वर्ग पाबळला न्यावा. तिथे मूल भिंतीचे प्लास्टर करताना सिमेंटचे प्रमाण मोजते आणि सौर पॅनेलची जोडणी करताना ओहमचा नियम शिकते. मोजणे आणि करणे वेगळे काढलेले नाही. कार्बन-तटस्थ आवारासाठी लागणारे शिक्षण याहून वेगळे नाही असे माझे ठाम मत आहे.

सरकारी आणि न्यायालयीन बाजू थोडक्यात सांगतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. पदवीच्या सर्व शाखांना तो विषय प्रत्यक्षात लागू व्हायला २००३-०४ उजाडले. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जे पाठ्यपुस्तक तयार करून घेतले, ते पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण संस्थेचे डॉ. एरक भरुचा यांचे. पुढे नॅकच्या मूल्यांकनात सातव्या निकषाखाली ऊर्जा, पाणी, कचरा आणि हरित परीक्षण आले, आयोगाने शाश्वत कॅम्पससाठी ‘सतत’ नावाची चौकट दिली, राज्याने २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान काढले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात ओझोनवर काम केलेले राजेंद्र शेंडे यांनी पुण्याच्या टेर पॉलिसी सेंटरमार्फत कॅम्पसांचे जाळे विणायला घेतले.

नॅकमुळे विषय प्राचार्यांच्या टेबलावर आला हे निर्विवाद. पण परीक्षणाचे जे झाले ते पाहून वाईट वाटते. समिती येण्याच्या आधीच्या महिन्यात अहवाल बाहेरून तयार होऊन येतो. त्यात झाडांची यादी असते, वृक्षारोपणाचे फोटो असतात, रेनवॉटर हार्वेस्टिंगच्या टाकीचे छायाचित्र असते. विद्यार्थ्यांचा त्यात हात लागलेला नसतो आणि समिती गेल्यावर तो कोणी उघडत नाही. हिशेबाचा प्रवाह असा कागदावरच वाळून गेला तर ज्या कामासाठी तो हवा ते कामच होत नाही.

या पुस्तकात म्हणून हिशेब मुलांच्या हाती दिला आहे. एकच उदाहरण देतो. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. कार्यालयात एकूण रकमेकडे पाहून पैसे भरले जातात आणि बिल फाईलला लागते. युनिटांचा आकडा कोणी वहीत उतरवत नाही. पुस्तकातला पहिला प्रयोग असा: शनिवारी कॉलेज सुटल्यावर मीटरचे रीडिंग घ्यायचे, सोमवारी पहिल्या तासाआधी पुन्हा घ्यायचे. मधल्या काळात एकही तास झालेला नसतो, तरी युनिट पडलेले असतात. वॉटर कूलर, संगणक कक्षातले यूपीएस, जिन्यातले दिवे, टाकीचा कॉक गळत असल्यामुळे पुन्हा पुन्हा चालू होणारी मोटर. यातले एकेक शोधत जाणे हा भौतिकशास्त्राचा तास आहे, वाणिज्य शाखेचाही आहे. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. ३०० पंखे रोज सहा तास, वर्षातले २०० दिवस चालले तर सोळा हजार युनिट वाचतात. पॅनेल किती किलोवॉटचे लागतील हे या वजाबाकीनंतर ठरवायचे असते. आपल्याकडे उलटे होते. आधी पॅनेल येतात, त्यांचे उद्घाटन होते, मग त्यांच्या जिवावर एसी वाढतात.

पॅनेल हवेतच, यात शंका नाही. आपल्याकडे एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाला साधारण चौदाशे युनिट देते आणि कॉलेजांची छपरे मोठी, सपाट, मोकळी असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे ऊन सर्वांत कडक असताना वर्ग बंद असतात. नेट मीटरिंगमुळे ती वीज ग्रिडला जाऊन खात्यावर जमा होते. संस्थेकडे पैसे नसले तर एखादी कंपनी स्वखर्चाने पॅनेल बसवते आणि कॉलेज युनिटप्रमाणे पैसे देते, अशीही सोय आहे. त्या करारात काय पाहावे यावर संग्रहात सविस्तर लेख आहे. वसतिगृहाच्या खरकट्याचे काय करायचे यालाही महाराष्ट्रातच उत्तरे सापडली आहेत. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेला उष्ट्या-खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे मोठ्या प्रमाणावर चालणारे संयंत्र विकसित केले.

पाण्याचा संबंध कार्बनशी लगेच लक्षात येत नाही. पाणी वर चढवायला आणि शुद्ध करायला वीज लागते, टँकरला डिझेल लागते. खेड तालुक्यात तर पाण्याचे राजकारणच मोठे. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, पूर्वेला कनेरसरच्या बाजूला जमीन कोरडी. चासकमान आणि भामा-आसखेड ही दोन्ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि भामा-आसखेडचे पाणी २०२१ पासून पुणे शहरालाही जाते. अशा तालुक्यात हजार चौरस मीटर छपराच्या कॉलेजने ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी पावणेपाच लाख लिटर पाणी हाती लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आपल्या ८५३ एकरांच्या माळावर तलाव आणि विहिरींनी पाण्याची गरज भागवण्यात किती मजल मारली, हे प्रत्येक प्राचार्याने पाहण्यासारखे आहे.

आता हे सगळे आजच का, याकडे येतो. राजगुरुनगरपासून चाकण फार लांब नाही. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा, बजाज यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग तिथे आहेत. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव एका पिढीत देशातल्या मोठ्या वाहन-पट्ट्यांपैकी एक झाले. सेबीने शेअर बाजारातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालाच्या आयातीवर कार्बनची माहिती मागायला सुरुवात केली आणि २०२६ पासून त्यावर आकारणीची व्यवस्था लागू झाली. मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडे आकडे मागतात, तेव्हा फोर्जिंगच्या किंवा प्रेसशॉपच्या मालकाला प्रश्नावली भरून देणारा माणूस लागतो. तो माणूस आज आपल्या बी.कॉम., बी.एस्सी.च्या वर्गात बसलेला आहे. त्याने कॉलेजातच आपल्या आवाराचा तीन कक्षांचा हिशेब एकदा मांडला असेल, तर नोकरीच्या मुलाखतीत त्याला दाखवायला काहीतरी असेल. पहिल्या पाळीला कंपनीत आणि दुपारी कॉलेजात अशी कसरत करणारी मुले या पट्ट्यात पुष्कळ आहेत. हवामानबदल हा त्यांच्यासाठी दूरच्या हिमनद्यांचा विषय राहिलेला नाही, तो त्यांच्या शॉपफ्लोअरवर आला आहे.

दुसरे कारण उकाड्याचे. मार्च संपता संपता परीक्षा सुरू होतात आणि पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या खाली बसून मुले पेपर लिहितात. एसी बसवण्याची मागणी वाढणार आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. पण दीड टनाच्या एका एसीला जेवढी वीज लागते तेवढ्यात चाळीसहून जास्त नवे पंखे फिरतात. म्हणून आधी स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग, पश्चिमेच्या भिंतीला सावली, खिडक्यांना छज्जे. नव्या इमारतींना दर्शनी काच लावण्याची जी हौस तालुक्यापर्यंत पोचली आहे, ती मला फार खटकते. आपल्या उन्हात काचेची इमारत म्हणजे कायमचा विजेचा खर्च. जुनी इमारत पाडून नवी बांधण्याआधीही हिशेब करावा. साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे चाळीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. दुरुस्ती हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कार्बनचा मार्ग आहे.

झाडांविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण कार्बन-तटस्थ म्हटले की आपल्याकडे पहिला कार्यक्रम वृक्षारोपणाचाच ठरतो. वाढलेले झाड वर्षाला साधारण वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असा ढोबळ अंदाज धरला, तर सुरुवातीच्या उदाहरणातल्या दुचाकींसाठीच नऊ हजारांवर झाडे लागतील, तीही वाढलेली आणि जगलेली. एवढी जागा कोणत्याच कॉलेजकडे नाही. झाडे लावावीत ती सावलीसाठी, मातीसाठी, पाखरांसाठी. गुलमोहर आणि गिरिपुष्पाच्या रांगा लावण्यापेक्षा करंज, कडुनिंब, उंबर, जांभूळ, हिरडा, बेहडा लावावेत. शेकरूचे जंगल ज्या तालुक्यात आहे, तिथल्या मुलांना ही झाडे पानावरून ओळखता आली पाहिजेत. पण पेट्रोलचा हिशेब झाडांच्या खात्यात वळता करू नये. बाहेरून श्रेय विकत घेऊन तटस्थ होण्यालाही हेच लागू पडते.

राहिला रस्ता. इथे उपदेश करणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. दुचाकी आली म्हणून लांबच्या वाडीतली मुलगी कॉलेजात पोचली, हे आम्ही शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तिच्या गाडीला नावे ठेवून हवामान सुधारणार नाही. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे, भोसरीहून राजगुरुनगरपर्यंत पीएमपीची बस येते. सवलती आहेत, अडते ते वेळापत्रकात. तास साडेसातला आणि गावातून पहिली गाडी आठला, प्रात्यक्षिके संपतात साडेचारला आणि गाडी गेलेली असते चारला. कॉलेजचे वेळापत्रक ठरवताना राजगुरुनगर आगाराशी बोलणे, प्रात्यक्षिके ठरावीक दिवशी एकत्र घेऊन येण्याचे दिवस कमी करणे, कंपन्यांच्या कामगार-बस ज्या रस्त्यांनी जातात तिथे मुलांना जागा मिळवून देणे, वसतिगृहातल्या खाटा वाढवणे: ही कामे प्राचार्य करू शकतात आणि यांना पॅनेलइतका खर्च येत नाही. संग्रहातला प्रवासावरचा भाग सर्वांत मोठा आहे. हा निर्णय संपादकांनी विचारपूर्वक घेतला आणि मला तो पूर्ण पटतो. पहिल्या वर्षाच्या प्रवेशावेळी विचारायचे तीन प्रश्न त्यात दिले आहेत: कुठून येता, कशाने येता, वेळेवर गाडी असती तर तिने आला असता का.

पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. अभियांत्रिकीची खोल गणिते यात नाहीत, मोठ्या निवासी विद्यापीठांची चर्चा थोडी आहे. विजेच्या उत्सर्जनाचे गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी नव्याने प्रसिद्ध करते, म्हणून तक्त्यांत ती जागा कोरी ठेवली आहे. वाचकाने त्या वर्षाचा आकडा घालून हिशेब करावा. लेखकांमध्ये प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत, एक प्रयोगशाळा सहायक आहेत. सगळ्यांचे एकमत नाही आणि संपादकांनी ते जुळवून आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही. सौर पॅनेल आधी की वेळापत्रक आधी, यावर दोन लेख एकमेकांना खोडून काढतात. दोन्ही वाचावेत.

शेवटचा लेख तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आश्रमशाळांवर आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले तिथे राहून शिकतात. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे आणि या मुलांचा वाटा देशाच्या सरासरीच्याही बराच खाली असणार. त्यांना काटकसर शिकवायची गरज नाही. त्यांना पावसाळ्यात खंड न पडणारी वीज हवी, अभ्यासाला दिवा हवा, अंघोळीला ऊन पाणी हवे, स्वयंपाकघरात धूर नको. सौर दिवे, सौर बंब आणि बायोगॅस हे सारे पहिल्यांदा तिथे पोचावे असे लेखकाचे म्हणणे आहे. शहरालगतच्या कॉलेजांनी स्वतःसाठी श्रेय विकत घेण्यापेक्षा तेवढा निधी या शाळांच्या छपरांवर आणि स्वयंपाकघरांत घालावा आणि तो आपल्या हिशेबात वजा न धरता केवळ देणे म्हणून दाखवावा, असा त्यांचा प्रस्ताव आहे. त्यावर वाद होईल. माझे मत त्यांच्या बाजूने आहे.